नेटबँकिंगचा पासवर्ड आठवत नाही आणि नोंदवलेला मोबाईल नंबरही बंद आहे, अशा वेळी खाते पुन्हा ताब्यात कसे घ्यावे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. साताऱ्यात राहणाऱ्या तुमच्या ७४ वर्षांच्या वडिलांचे स्टेट बँकेत निवृत्तिवेतनाचे खाते आहे. नेटबँकिंगचा पासवर्ड त्यांना आठवत नाही आणि चुकीचा पासवर्ड लागोपाठ टाकल्यामुळे प्रवेशही बंद झाला आहे. ‘पासवर्ड विसरलात’ या पर्यायातून जावे, तर ओटीपी ज्या प्रीपेड नंबरवर जातो तो रिचार्ज न केल्यामुळे कित्येक महिन्यांपूर्वीच बंद पडला आहे. एटीएम कार्डाची मुदतही संपली आहे. तुम्ही बंगळूरला असता, त्यामुळे इंटरनेटवर बँकेच्या ग्राहक सेवेचा नंबर शोधून हे काम घरबसल्या उरकता येईल का, आणि आईच्या नागरी सहकारी बँकेतल्या खात्यालाही हीच पद्धत लागू होते का, असे तुम्ही विचारले आहे. बँकेच्या शाखांमध्ये आणि पुढे डिजिटल व्यवहारांच्या विभागात अनेक वर्षे मी हेच काम केले आहे, म्हणून सविस्तर उत्तर देतो.

सर्वांत आधी एक विनंती. इंटरनेटवर शोधून सापडलेल्या कोणत्याही नंबरवर फोन करू नका. शोधात वर येणारे ‘कस्टमर केअर’चे नंबर पुष्कळदा भामट्यांनी पेरलेले असतात. पलीकडचा माणूस अतिशय नम्रपणे बोलतो, वडिलांचे नाव आणि शाखा विचारतो, मग एनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअरसारखे ॲप मोबाईलवर घ्यायला सांगतो किंवा व्हॉट्सॲपवर एखादी एपीके फाईल, म्हणजे ॲप बसवणारी फाईल, पाठवतो. ते ॲप एकदा उघडले की तुमच्या पडद्यावरची प्रत्येक गोष्ट त्याला दिसू लागते, आणि एपीके फाईल असेल तर येणारे एसएमएस परस्पर त्याच्याकडे जाऊ लागतात. बँकेचा खरा नंबर पासबुकावर आणि एटीएम कार्डाच्या मागे छापलेला असतो, तोच वापरावा. संकेतस्थळाच्या बाबतीतही आता एक चांगली सोय झाली आहे. रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार बँकांनी आपली संकेतस्थळे ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’ या पत्त्यावर न्यायची होती आणि हा पत्ता बँकांखेरीज दुसऱ्या कोणाला मिळत नाही. म्हणून पत्त्याचा शेवट तसा आहे की नाही, हे पासवर्ड टाकण्यापूर्वी पाहून घ्यावे.

आता मूळ मुद्दा. तुमचे सगळे लक्ष पासवर्डवर आहे, पण तुमची खरी अडचण पासवर्डची नाही. बँकेत नोंदवलेला मोबाईल नंबर हातात असेल, तर विसरलेला पासवर्ड दहा मिनिटांत बदलून होतो. नंबर हातात नसेल, तर पासवर्ड आठवूनही फारसा उपयोग नसतो, कारण पुढे प्रत्येक पायरीवर ओटीपी लागतोच. म्हणून आधी मोबाईल नंबर, मग कार्ड आणि सर्वांत शेवटी पासवर्ड, असा क्रम ठेवा. हा क्रम उलटा धरून लोक शाखेत तीन-तीन खेपा घालतात आणि बँक अडवणूक करते असे म्हणत परत जातात, हे मी वारंवार पाहिले आहे.

ओघात आणखी एक गोष्ट सांगतो. जुना पासवर्ड बँक तुम्हाला सांगू शकत नाही, कारण तो बँकेलाही माहीत नसतो. पासवर्ड जसाच्या तसा साठवला जात नाही. त्याच्यावर एक गणिती प्रक्रिया होते आणि तिच्यातून निघालेली अक्षरे तेवढी साठवली जातात. त्या अक्षरांवरून मागे जाऊन मूळ पासवर्ड काढता येत नाही. म्हणूनच ‘तुमचा सध्याचा पासवर्ड सांगा, मी तपासून पाहतो’ असे जो कोणी म्हणेल, तो बँकेचा माणूस नाही असे खुशाल समजावे.

बंद पडलेल्या नंबरकडे वळू. प्रीपेड नंबर ९० दिवस कोणत्याही कारणासाठी वापरला गेला नाही आणि त्यात पुरेशी शिल्लकही नसली, तर कंपनी तो बंद करते. बंद झाल्यावर तो लगेच दुसऱ्याला देता येत नाही, निदान ९० दिवस थांबावे लागते. त्यानंतर मात्र तो अनोळखी माणसाच्या खिशात जाऊ शकतो आणि तुमच्या वडिलांच्या निवृत्तिवेतनाचे, काढलेल्या रकमांचे, शिलकीचे सगळे एसएमएस त्याला जाऊ लागतात. म्हणून आज पहिले काम एवढेच करा की त्या नंबरवर फोन लावून पाहा. कोणी उचलला तर नंबर दुसऱ्याच्या नावावर गेला आहे हे उघड आहे. अशा वेळी त्या माणसाला काहीही सांगू नका आणि ओटीपी वाचून दाखवण्याची विनंती तर मुळीच करू नका. नंबर अजून रिकामा असेल, तर वडिलांनी आधार कार्ड घेऊन मोबाईल कंपनीच्या दालनात जावे. नंबर त्यांच्याच नावावर असेल आणि मुदत उलटली नसेल, तर तोच परत मिळण्याची शक्यता असते, आणि तसा मिळाला तर तुमचे अर्धे काम तिथेच संपते.

मात्र सिम बदलून घेतले की पहिले २४ तास त्यावर एसएमएस येत नाहीत आणि त्यावरून पाठवताही येत नाहीत. दूरसंचार विभागाने २०२२ मध्ये घातलेला हा नियम आहे आणि तो आपल्याच भल्यासाठी आहे, कारण दुसऱ्याच्या नावाचे सिम लबाडीने काढून लगेच ओटीपी मिळवण्याचा प्रकार त्यामुळे बराच अवघड झाला. पण ही माहिती नसल्यामुळे लोक नवे सिम घालून पहिल्या तासाभरात पाच-सहा वेळा ओटीपी मागवतात, तो येत नाही, आणि तेवढ्या प्रयत्नांनी नेटबँकिंगला पुन्हा कुलूप लागते. एक दिवस शांतपणे जाऊ द्यावा. पासवर्ड चुकल्यामुळे बसलेले कुलूपही बहुतेक बँकांत ठरावीक वेळाने आपोआप निघते.

जुना नंबर मिळत नसेल, तर शाखेत जाण्यावाचून मार्ग नाही, आणि हे काम वडिलांनी स्वतः करायचे आहे. जाताना पासबुक, आधार, पॅन आणि नवा चालू मोबाईल सोबत असावा. तो मोबाईल पूर्ण चार्ज केलेला असावा, हे वाचायला किरकोळ वाटेल, पण पडताळणीचा एसएमएस येण्याच्या वेळी फोन बंद पडल्यामुळे ज्येष्ठ मंडळींना दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलवावे लागल्याचे प्रसंग कितीतरी आले आहेत. नवा नंबर वडिलांच्या स्वतःच्या नावावर घेतलेला असावा. मुलीचा किंवा जावयाचा नंबर देऊन वेळ भागवू नये, कारण उद्या तुम्ही तुमचा नंबर बदलला की त्यांचे खाते पुन्हा याच अवस्थेत येईल. अर्जात ‘जुना नंबर काढून टाकावा आणि नवा नोंदवावा’ असे स्पष्ट लिहावे आणि दुसऱ्या प्रतीवर शाखेचा शिक्का व तारखेसह पोच घ्यावी. ही पोच जपून ठेवा. जुन्या नंबरमुळे पुढे काही विपरीत घडले, तर आपण बँकेला कोणत्या तारखेला कळवले होते, हे दाखवणारा तोच एक कागद असतो.

या टप्प्यावर काम अडते ते बहुधा सहीमुळे. खाते पंचवीस-तीस वर्षांपूर्वी उघडलेले असते. त्या वेळची ठसठशीत, वळणदार सही बँकेच्या संगणकात नमुना म्हणून ठेवलेली असते, आणि आज समोर बसलेल्या गृहस्थांचा हात कापत असतो. कर्मचारी अर्ज परत करतो, ते पुन्हा सही करतात, दुसरी सही पहिलीशीही जुळत नाही, आणि इतकी वर्षे हिशेब चोख ठेवलेला माणूस काउंटरपाशी ओशाळून उभा राहतो. कर्मचाऱ्याचेही चुकते असे नाही, कारण सही न जुळता नंबर बदलून दिला आणि त्यातून फसवणूक झाली, तर जबाबदारी त्याच्यावर येते. यावर उपाय आहे. त्याच वेळी नमुना सही बदलण्याचा अर्ज द्यावा, ओळखपत्रे दाखवावीत आणि अधिकाऱ्यासमोर नवी सही करावी. सही करणे शक्यच नसेल, तर साक्षीदारांसमोर अंगठा घेण्याची पद्धत बँकांत पहिल्यापासून आहे. नमुना सहीचा अर्ज मोबाईल नंबरच्या अर्जासोबतच दिला, तर एक खेप वाचते.

वडिलांना शाखेत जाणे झेपत नसेल, तर ७० वर्षांवरील ग्राहकांना घरपोच बँकिंग सेवा द्यावी, असे निर्देश रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१७ मध्ये दिले आहेत. केवायसीची, म्हणजे ग्राहकाची ओळख पटवणारी, कागदपत्रे आणि हयातीचा दाखला घरून स्वीकारणे त्यात येते. मोबाईल नंबर बदलण्याचा अर्जही घरून घेता येईल का, हे शाखाधिकाऱ्याला लेखी विचारावे. माझा अनुभव असा की तोंडी विचारले की ‘बघू’ म्हणतात आणि अर्ज दिला की माणूस पाठवतात.

खात्यावर दोन वर्षांहून अधिक काळ वडिलांनी स्वतः एकही व्यवहार केला नसेल, तर ते निष्क्रिय गटात गेले असण्याची शक्यता आहे. निवृत्तिवेतन ज्या खात्यातून नियमित काढले जाते, तिथे हा प्रश्न सहसा येत नाही, पण त्यांच्या दुसऱ्या एखाद्या जुन्या खात्यात येईल. तसे असेल तर केवायसी नव्याने द्यावी लागते. १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या नियमांप्रमाणे ती बँकेच्या कोणत्याही शाखेत देता येते आणि खाते पुन्हा चालू करण्यासाठी बँक शुल्क आकारू शकत नाही.

नंबर नोंदवला गेला की त्यावर बँकेचा एसएमएस येतो. त्याच भेटीत नव्या एटीएम कार्डासाठीही अर्ज करावा, कारण पासवर्ड बदलताना कार्ड हाताशी असले तर पुढचे काम फार सोपे होते. कार्ड टपालाने घरी येते. पासबुकावरचा पत्ता जुना असेल तर ते भलतीकडे जाते, म्हणून पत्ताही त्याच वेळी तपासून घ्यावा.

आता पासवर्ड. स्टेट बँकेच्या नेटबँकिंगच्या प्रवेश पानावर लॉगिन पासवर्ड विसरल्याचा पर्याय आहे. तिथे युजरनेम, खाते क्रमांक, देश, नोंदवलेला मोबाईल नंबर आणि जन्मतारीख भरायची असते. यातली एक गोष्ट जरी बँकेच्या नोंदीशी जुळली नाही, तरी काम पुढे सरकत नाही. सर्वांत जास्त घोळ जन्मतारखेचा होतो. आपल्याकडे त्या पिढीतल्या पुष्कळांची शाळेत लावलेली तारीख एक आणि खरी तारीख दुसरी असते, त्यामुळे बँकेत कोणती नोंदली आहे ते आधी पाहून घ्यावे. युजरनेममध्ये मोठ्या आणि लहान लिपीतल्या अक्षरांचा फरक धरला जातो. युजरनेमच आठवत नसेल, तर पासबुकाच्या पहिल्या पानावरचा सीआयएफ क्रमांक, म्हणजे बँकेने ग्राहकाला दिलेला क्रमांक, वापरून तेही मिळवता येते.

ओटीपी टाकल्यावर पासवर्ड बदलण्याचे वेगवेगळे मार्ग समोर येतात. एटीएम कार्डाचा तपशील देऊन, किंवा प्रोफाईल पासवर्ड देऊन तो बदलता येतो, आणि या दोन्हींपैकी काहीच जवळ नसेल तर शाखेमार्फत तो चालू करून घ्यावा लागतो. प्रोफाईल पासवर्ड म्हणजे लॉगिन झाल्यानंतर नवे लाभार्थी (ज्यांना पैसे पाठवायचे ते) जोडताना किंवा वैयक्तिक माहिती बदलताना विचारला जाणारा दुसरा पासवर्ड. बहुतेकांनी तो पहिल्या दिवशी ठरवलेला असतो आणि नंतर पुन्हा कधी वापरलेला नसतो, त्यामुळे तोही आठवत नसतो. म्हणून कार्डाचा मार्ग सर्वांत सोयीचा. एटीएमचा पिन, मोबाईल बँकिंगचा एमपिन, यूपीआयचा पिन आणि नेटबँकिंगचे हे दोन पासवर्ड, या सगळ्या स्वतंत्र गोष्टी आहेत. एक बदलला म्हणून दुसरा बदलत नाही. वडिलांना हे एकदा शांतपणे समजावून सांगा, कारण एमपिनच्या चौकटीत पासवर्ड आणि पासवर्डच्या चौकटीत पिन टाकल्यामुळेच पुष्कळांच्या खात्याला कुलूप लागते.

ओटीपी आल्यावर अंक पाहण्याआधी पूर्ण मजकूर वाचण्याची सवय त्यांना लावा. ओटीपी कशासाठी आहे, हे मजकुरात लिहिलेले असते. पासवर्ड बदलण्यासाठी, नवा लाभार्थी जोडण्यासाठी, किंवा अमुक इतके रुपये पाठवण्यासाठी, असे काहीतरी त्यात असतेच. तुम्ही पासवर्ड बदलत असताना एसएमएसमध्ये रकमेचा उल्लेख दिसला, तर तत्काळ थांबा, कारण त्याच वेळी दुसरे कोणी तरी तुमच्या खात्यातून पैसे काढण्याच्या बेतात आहे.

नवा पासवर्ड वडिलांनी स्वतः टाकावा. तुम्ही फोनवरून त्यांना मार्ग दाखवा, पण पासवर्ड त्यांनी तुम्हाला सांगू नये आणि तुम्हीही विचारू नये. यात अविश्वासाचा प्रश्न नाही. ज्या खात्याचा पासवर्ड घरात चौघांना माहीत असतो, त्यात फसवणूक झाली की कोणाकडून काय निसटले हे शोधता येत नाही आणि बँकही ग्राहकाचा निष्काळजीपणा म्हणून बोट दाखवते. तुम्हाला त्यांचे व्यवहार सांभाळायचेच असतील, तर खाते संयुक्त करणे किंवा त्यांनी तुमच्या नावे रीतसर अधिकारपत्र देणे, हे सरळ मार्ग आहेत. त्यांना पासवर्ड लक्षात राहत नसेल, तर तो वहीत लिहून कपाटात कुलपात ठेवण्यात मला काही गैर वाटत नाही. त्यासोबत युजरनेम आणि बँकेचे नाव मात्र लिहू नये. मोबाईलमध्ये संपर्कांच्या यादीत किंवा व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवलेल्या संदेशात पासवर्ड ठेवणे हे वहीत लिहिण्यापेक्षा कितीतरी धोक्याचे आहे.

प्रवेश मिळाल्यावर लगेच बाहेर पडू नका. आधी शेवटचे लॉगिन कधी झाले ते पाहा. मग लाभार्थ्यांच्या यादीत अनोळखी नाव आहे का, नोंदवलेला ईमेल पत्ता वडिलांचाच आहे का, आणि मुदत ठेवी जशाच्या तशा आहेत का, हे तपासा. ठेवींचा मुद्दाम उल्लेख करतो, कारण खात्यात शिल्लक थोडी असली तरी भामटे ऑनलाईन ठेव मोडून किंवा तिच्यावर कर्ज उचलून ती रक्कम बाहेर काढतात, आणि ठेवीची पावती कपाटात असल्यामुळे घरातल्यांना बराच काळ पत्ता लागत नाही. पैसे पाठवण्याची दैनंदिन मर्यादा वडिलांच्या गरजेपुरती खाली आणून ठेवावी. निवृत्त माणसाला दिवसाला पाच-दहा लाख पाठवण्याची सोय कशाला हवी? आणि नव्या मोबाईलवरून *#२१# लावून कॉल दुसरीकडे वळवलेले नाहीत ना, हेही पाहून घ्यावे. वळवलेले आढळले तर ##००२# लावल्यावर ते सगळे रद्द होतात.

तपासताना परस्पर पैसे गेल्याचे दिसले, तर क्षणभरही थांबू नका. आधी सायबर फसवणुकीच्या तक्रारींसाठीच्या १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर आणि त्याच तासाभरात बँकेकडे तक्रार करा आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी घालून दिलेल्या नियमांप्रमाणे, चूक ग्राहकाची किंवा बँकेची नसून तिसऱ्याच कोणाची असेल आणि बँकेकडून व्यवहाराची सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत ग्राहकाने कळवले, तर त्याला काहीही सोसावे लागत नाही. चार ते सात कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास नेहमीच्या बचत खात्यासाठी कमाल १०,००० रुपयांपर्यंतची जबाबदारी त्याच्यावर येते. ओटीपी किंवा पासवर्ड स्वतःच कोणाला दिला असेल, तर तक्रार करेपर्यंतचे नुकसान ग्राहकाचे, पण तक्रारीनंतर गेलेला प्रत्येक रुपया बँकेच्या माथी. म्हणून ओटीपी आपणच सांगितला या शरमेने गप्प बसणे सर्वांत महागात पडते. वडिलांच्या बाबतीत असे काही घडले असेल, तर त्यांना बोल लावू नका, आधी फोन करा.

शाखेने अर्ज घेऊनही काही केले नाही, तर बँकेच्या तक्रार विभागाकडे लेखी जावे. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा आलेले उत्तर समाधानकारक नसले, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य तक्रार करता येते. ती ऑनलाईन नोंदवता येते आणि तिच्यासाठी वकील लागत नाही.

राहिला आईच्या खात्याचा प्रश्न. नागरी सहकारी बँकांत सगळीकडे सारखी व्यवस्था नसते. पैसे पाठवता येतील अशी नेटबँकिंग सेवा देण्यासाठी या बँकांना रिझर्व्ह बँकेची मान्यता लागते, त्यामुळे काही बँकांत फक्त शिल्लक आणि उतारा पाहता येतो. म्हणून आईच्या बँकेत नेमकी कोणती सेवा आहे, हे आधी विचारून घ्या. छोट्या बँकांत पासवर्ड बदलण्याचे काम बहुधा शाखेतल्या छापील अर्जावरच होते आणि माणसे ओळखीची असल्यामुळे ते चटकन होतेही. पण ओळखीच्या कर्मचाऱ्याने सांगितले म्हणून पासवर्ड त्याच्या संगणकावर टाकू नये. बँकेने दिलेला तात्पुरता पासवर्ड घरी येऊन, आईच्या स्वतःच्या मोबाईलवर त्याच दिवशी बदलावा. तिचा नोंदवलेला नंबर चालू आहे का, हे मात्र वडिलांच्या कामासाठी साताऱ्याला जाल त्याच फेरीत पाहून घ्या, कारण दोघांचेही सिम एकाच वेळी घेतलेले आणि एकाच वेळी रिचार्ज करायचे राहून गेलेले असण्याचा संभव बराच आहे.